पाटीवरचा गोल

१९७९ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. शनिवारची सकाळ होती. मद्रासपासून तासाभरावर युद्धाच्या वेळची एक विमानांची धावपट्टी होती. तिच्या कडेला मी उकिडवी बसले होते आणि हातातल्या फडक्यात गरम स्पार्क प्लग धरून बघत होते.

"कसला हाय रंग?" आबांनी विचारलं.

"पांढरा."

"पांढरा म्हंजे किती?"

"खडूसारखा, आबा. एक फेरी आणखी झाली असती तर पिस्टन धरला असता."

सर्जेराव अजून गाडीवरच होता, एक पाय जमिनीला टेकवून. हेल्मेट काढून त्यानं टाकीवर ठेवलं.

"वर्षभर ह्याच जेटवर पळालोय," तो म्हणाला. "आजच काय झालं हिला?"

प्लग बघायचं काम आमच्याकडे माझं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांचं लेथचं वर्कशॉप होतं. आबा म्हणजे माझे वडील, दत्तोबा इंगवले. सिलिंडर बोअर करावा तर इंगवले मिस्त्रींनी, असं लोक म्हणायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली. मग शाळा सुटली की मी वर्कशॉपात आणि कॉलेज सुटलं की वर्कशॉपात. आबांची नजर पन्नाशीत कमी झाली. प्लगचा रंग त्यांना नीट दिसेना, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. चहासारखा रंग असला की इंजिन खुशीत. काळा असला की पेट्रोल जास्त. पांढरा असला की इंजिन उपाशी, आणि उपाशी इंजिनाचा पिस्टन तापून भर वेगात कधी धरेल, म्हणजे जाम होईल, ते सांगता येत नाही. चाक तिथल्या तिथे अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

मी विचार करत होते. पुणे, आमचं कोल्हापूर आणि बंगलोर, वर्षभराच्या तिन्ही शर्यती पठारावरच्या होत्या. समुद्राकाठी आम्ही पहिल्यांदाच आलो होतो.

"आबा, आपण खाली उतरून आलोय," मी म्हटलं. "इथली हवा जाड आहे. हवा जास्त, म्हणून पेट्रोल कमी पडतंय. मोठं जेट घालायला हवं."

"हवा बी जाड आसती व्हय?" सर्जेराव म्हणाला. "मग इथली माणसं एवढी भराभर कशी बोलत्यात?"

आबा हसले नाहीत. त्यांनी डब्यातून एक नंबर मोठं जेट, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी, काढलं.

"दोन नंबर मोठं घाला," मी म्हटलं.

"एक बास. जास्त पाजली की गाडी आळसावती."

जेट बदलून सर्जेराव चार फेऱ्या मारून आला. मी पुन्हा प्लग काढला. जास्त दुधाच्या चहासारखा रंग होता. चालण्यासारखा होता, पण उद्या बारा फेऱ्या होत्या. मी तसं सांगितलं. आबा म्हणाले, "कान उघडे ठेव म्हंजे झालं."

कान उघडे ठेवणं हेही माझंच काम होतं. शर्यत चालू असताना मी कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. माझ्याजवळ काळ्या रंगाची दोन फुटी पाटी असे. ताशी शंभर मैलांनी जाणाऱ्या माणसाला अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. उभी रेघ म्हणजे मागचा जवळ आलाय, ताण. आडवी रेघ म्हणजे सगळं ठीक. आणि गोल म्हणजे इंजिन जातंय, हात आखड. आमच्यात एकच नियम होता. पाटीवर जे असेल ते सर्जेरावनं करायचं, का म्हणून विचारायचं नाही. वर्षभरात मी गोल एकदाही काढला नव्हता.

सर्जेराव साळोखे सतराव्या वर्षी आमच्याकडे लेथवर लागला आणि तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा शर्यतीत उतरला. ते त्याचं पहिलंच वर्ष होतं. मी रद्दीवाल्याकडून इंग्रजी मोटारसायकलींची मासिकं आणायची आणि दुपारच्या सुट्टीत त्याला वाचून दाखवायची. त्याला एकाच गोष्टीचं वेड होतं. जगातल्या मोठ्या ग्रां प्री शर्यतींत पहिल्याच वर्षी कोण जिंकलं. आदल्याच वर्षी एका अमेरिकन माणसानं युरोपात पहिल्यांदाच पूर्ण हंगाम खेळून सर्वांत मोठ्या गटाचं जगज्जेतेपद नेलं होतं. ते पान त्यानं लेथच्या मागच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

"परत वाचा," तो म्हणायचा.

"पाच वेळा वाचलंय."

"त्याला तिथली एक बी वळणं म्हाईत नव्हती, ते वाचा."

मी वाचायची. तो जेवणाचा डबा तसाच बाजूला ठेवून ऐकायचा. "दुसऱ्या वर्षी कुनी बी जिंकंल," म्हणायचा. "कुठं पडायचं ते कळाल्यालं आसतंय. पहिलं वर्ष एकदाच येतंय."

आधी तो मला कुमुदताई म्हणायचा, वर्कशॉपातले सगळेच म्हणायचे. बंगलोरची शर्यत तो जिंकला, आणि त्यानंतर त्यानं मला ताई म्हणायचं सोडलं. दुसरं काही म्हणायलाही सुरुवात केली नाही. हाक मारायची वेळ आली की माझ्याजवळ येऊन उभा राहायचा आणि मी बघेपर्यंत थांबायचा. मी मुद्दाम उशिरा बघायची.

मद्रासला आलो तेव्हा तो आणि बंगलोरचा नोएल डिसा, दोघांचे गुण सारखे होते. नोएलचंही पहिलंच वर्ष. रविवारी जो पुढे राहील तो विजेता, इतका साधा हिशेब होता.

शनिवारी दुपारी एक गृहस्थ आमच्या ट्रकपाशी आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, साठीचे असावेत. वरदराजन नाव. दक्षिणेतल्या एका मोटारसायकल कंपनीचा शर्यतींचा संघ ते बघत होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आबांना इंग्रजी, म्हणून मध्ये मी.

ते म्हणाले आणि मी सांगत गेले. "आबा, ते म्हणतायत, हा मुलगा उद्या जिंकला तर सोमवारी त्यांच्याबरोबर येऊ दे. कंपनीत नोकरी. वर्षभर सराव. पुढच्या वर्षी मलेशियाला शर्यतीला नेतील. दुसरे येणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, म्हणतात. त्यांना पहिल्या वर्षी जिंकणारा हवाय."

मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आबांनी सर्जेरावच्या पाठीवर थाप मारली. "त्यास्नी सांग, पोरगं तयार हाय. लेथ काय, दुसरा कोन बी फिरवंल."

"त्याला विचारा की आबा."

"त्याला काय विचारायचं? तोंड बघ त्याचं."

मी बघितलं. आबांचं बरोबर होतं.

संध्याकाळी आबा ओळखीच्या मिस्त्रींना भेटायला गेले. आम्ही दोघं ट्रकच्या मागच्या, खाली सोडलेल्या फाळक्यावर बसलो. शेजारच्या टपरीवरून सर्जेरावनं स्टीलच्या पेल्यांतून कॉफी आणली होती. उन्हं उतरली होती, तरी हवा अंगाला चिकटत होती आणि सगळीकडे जळक्या एरंडेलाचा वास होता. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेलाचं ऑइल घालायचे. आज कुठे दिव्यात एरंडेल जळलं तरी माझं हातातलं काम थांबतं.

"तिकडं पाटी कोन धरंल?" त्यानं विचारलं.

"पगारी माणसं असतील."

"पगारी मानसं कानानं ऐकत न्हाईत. घड्याळाकडं बघत्यात नुसती."

"मग शिकव त्यांना."

त्यानं पेल्यातली कॉफी संपवली. मग म्हणाला, "मी गेलो तर तुमी काय करणार?"

"एम. ए. करीन. नाही तर आबा कुठलं तरी स्थळ आणतील."

"कसलं स्थळ?"

"मला काय माहीत? प्लग न बघणारं."

तो हसला. मीही हसले. त्यानं आणखी एक वाक्य बोलावं म्हणून मी थांबले होते. काय बोलावं हे मला नीट माहीत होतं, पण ते मी बोलू शकत नव्हते. मी मालकाची मुलगी होते, मी बोलले असते तर तो हुकूम झाला असता. आणि तो कामाला असलेला माणूस, तो बोलला असता तर ती आगळीक झाली असती. एवढं साधं होतं ते. सर्जेरावनं पेले विसळले आणि टपरीवर परत देऊन आला.

रविवारी दुपारी बारा वाजता शर्यत सुटली. आबा लांबच्या वळणावर जाऊन उभे राहिले, कारण तिथे सर्जेराव ब्रेक उशिरा लावतो अशी त्यांना काळजी होती. सरळ पट्टीच्या कडेला मी एकटी, गळ्यात घड्याळ, हातात पाटी आणि खडू.

पहिल्या दोन फेऱ्या नोएल पुढे होता. तिसऱ्या फेरीत सर्जेराव त्याच्या आतून गेला. पाचव्या फेरीला दोन सेकंदांचं अंतर पडलं. मी आडवी रेघ दाखवली. त्यानं डाव्या हाताची दोन बोटं उचलली. पाटी दिसली, असं सांगण्याची त्याची ती पद्धत होती. सहावी, सातवी, आठवी फेरी. अंतर चार सेकंद. वरदराजन माझ्यापासून वीस पावलांवर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी आपल्याबरोबरच्या माणसाला काही सांगितलं आणि तो माणूस वहीत लिहू लागला.

नवव्या फेरीला गाडी लांबून येताना दिसली. मी डोळे मिटले. इंजिन ऐकायचं असलं की मी डोळे मिटते. आवाज माझ्यासमोरून गेला, वळणाशी गेला, विरला. मी डोळे उघडले. पाटीवरची आडवी रेघ हातानं पुसली.

दहाव्या फेरीला मी पाटीवर गोल काढून उभी राहिले.

त्यानं तो बघितला. मला त्याचे डोळे दिसणं शक्य नव्हतं, पण हेल्मेट किंचित माझ्याकडे वळलेलं दिसलं. क्षणभर तो तसाच वाकलेला राहिला. मग पाठ सरळ करून बसला आणि इंजिनाचा आवाज खाली आला. दोन बोटं उचलायला तो विसरला नाही.

अकराव्या फेरीत नोएल पुढे गेला आणि पुढेच राहिला.

शर्यत संपल्यावर आबा वळणापासून धावत आले. त्या वयात मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"का आखडलास?"

"पाटी व्हती," सर्जेराव म्हणाला. तो खाली उतरून सिलिंडरजवळ हात धरून उभा होता, शेकोटीजवळ धरावा तसा.

आबा माझ्याकडे वळले. "काय ऐकलंस?"

"आवाज बारीक झाला होता. कोरडा."

"सारखा, का मधीच?"

"वरच्या वेगाला."

आबांनी मान हलवली. "एकच नंबर वाढवलं. तू म्हणत व्हतीस दोन. माझं चुकलं." आणि सर्जेरावला म्हणाले, "हाडं शाबूत राह्यली, हे काय थोडं न्हाई."

तेवढ्यात वरदराजन आले. त्यांचा चेहरा कोरा होता. ते माझ्याशीच बोलले आणि मी तिथेच मराठी करून सांगितलं. "ते म्हणतायत, इंजिन उघडा. त्यांना पिस्टन बघायचाय. इंजिन खरंच धरायला लागलं असेल, तर ज्या माणसानं विजेतेपद सोडून गाडी वाचवली तो त्यांना हवाच आहे. आणि पिस्टन स्वच्छ निघाला, तर हा घाबरून आखडला असं ते समजतील. अर्ध्या तासानं येतो, म्हणाले."

"उघडू की," आबा म्हणाले. "जा, कुमे, काढ. गार होऊ दे जरा."

बक्षीस समारंभासाठी सर्जेरावला बोलावणं आलं. आबांना कागदांवर सह्या करायला कचेरीत जायचं होतं. ट्रकच्या सावलीत गाडी आणि मी. मी पाईप सोडवला, हेडचे चार नट काढले, हेड उचललं. मग सिलिंडर दोन्ही हातांनी धरून हलकेच वर ओढला. तो अजून ऊन होता. पिन काढून पिस्टनही सोडवला.

पिस्टन स्वच्छ होता. एक ओरखडा नव्हता. सिलिंडर आतून आरशासारखा होता, सर्जेरावनं स्वतः बोअर केलेला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. नवव्या फेरीला गाडीचा आवाज जसा हवा तसा होता. पहिल्या फेरीपासून तसाच होता, आणि तो गाडी घेऊन परत येईपर्यंत तसाच राहिला.

त्याक्षणी मला फक्त ते भिंतीवरचं पान दिसत होतं, आणि ते ऐकताना बाजूला राहिलेला त्याचा डबा.

हत्यारांच्या पेटीत बारीक कानस होती. पिस्टन धरतो तेव्हा खुणा कुठे उठतात हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. धुराच्या पाईपच्या बाजूला, उभ्या, वर बारीक आणि खाली रुंद होत गेलेल्या. मी तशा खुणा केल्या. घाई केली नाही. मग बोटाला जुनं ऑइल लावून त्यांवर फिरवलं, म्हणजे नव्या धातूची चमक जाईल. कानस पुसून पेटीत ठेवली.

सर्जेराव आधी आला. काखेत दुसऱ्या नंबरचा छोटा कप होता. तो खाली बसला आणि पिस्टनकडे बघितलं. मग बाजूला फडक्यावर ठेवलेला सिलिंडर उचलून त्यानं उजेडाकडे धरला आणि आतून पाहिला. पिस्टन घासला गेला तर सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा धातू चिकटतो. सहा वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हे कोणी सांगावं लागत नाही. त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. माझी बोटं राखाडी झाली होती.

त्यानं विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, शपथ. गोल का काढला तेही सांगितलं असतं.

लांबून आबा आणि वरदराजन येताना दिसले. सर्जेरावनं फडकं उचललं, गोळा करून सिलिंडरमध्ये घट्ट कोंबलं आणि सिलिंडर ट्रकच्या चाकामागे ठेवून दिला.

"धूळ जाईल आत," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

वरदराजन वाकले, चष्मा वर करून पिस्टन निरखला, अंगठा फिरवला. "आणखी दोन फेऱ्या आणि हा मुलगा इस्पितळात असता," ते इंग्रजीत म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं.

आबांनीही पिस्टन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ धरला. मग परत ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे त्याला."

सोमवारी सकाळी सर्जेराव गेला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि मी बघेपर्यंत थांबला. या वेळी मी लगेच बघितलं.

"येतो," तो म्हणाला.

"नीट जा."

परतीच्या वाटेवर आबा ट्रकमध्ये माझ्याशेजारी बसले होते. बेळगाव मागे पडल्यावर, समोर बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी पाटी मी धरीन." आमच्या वर्कशॉपची गाडी पुढच्या वर्षी शर्यतीत उतरलीच नाही.

आबा त्यानंतर तेरा वर्षं जगले. वर्कशॉप त्यांनी शेवटपर्यंत चालवलं, पण प्लग बघायला मला पुन्हा कधी बोलावलं नाही. पिस्टनबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. नोएल डिसा आणखी दोन वर्षं शर्यतीत होता, मग आखातात नोकरीला गेला. पहिल्याच वर्षीचा विजेता म्हणून त्याचं नाव लागलं आणि ते योग्यच होतं. शेवटच्या दोन फेऱ्या त्यानं फार सुंदर मारल्या होत्या. वरदराजन कधी वारले ते मला कळलं नाही.

माझं इचलकरंजीला लग्न झालं. यजमानांचे माग होते. मनानं फार चांगला माणूस. त्यांनी मला कशाला नाही म्हटलं नाही, आणि मीही त्यांना काही सांगितलं नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली. २०१३ साली विशीतल्या एका स्पॅनिश मुलानं पहिल्याच वर्षी जगज्जेतेपद घेतलं, तेव्हा मी टीव्हीसमोर एकटी बसून शेवटची शर्यत पाहिली. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला यातलं कळतं?" मी म्हटलं, "थोडं थोडं." आता शर्यतीत माणसांच्या कानांवर कोणी विसंबत नाही.

सर्जेराव मलेशियाला गेला. सहावा आला. नंतर तीन वर्षं शर्यती खेळला, एकदाही विजेता झाला नाही, आणि मग कंपनीतच नव्या गाड्या चालवून बघायच्या कामावर राहिला. होसूरला घर केलं. तिथल्याच एका शाळेतल्या बाईंशी लग्न झालं. कोल्हापूरला तो आबांच्या दिवसांना एकदाच आला. मी आत बायकांत होते, तो बाहेर पुरुषांत. दहा वर्षांपूर्वी तो गेला. मला ते वर्षभरानं कळलं, त्याची बायको अंबाबाईच्या दर्शनाला आली तेव्हा.

पत्ता शोधत त्या इचलकरंजीला माझ्या घरी आल्या. कल्याणी त्यांचं नाव. पांढरे केस, बरोबर मुलगा. त्या मराठी बोलत होत्या, आणि ते आमच्या उद्यमनगरचं मराठी होतं, तामिळ हेलात.

"त्येनी सगळ्यास्नी सांगायचं," त्या म्हणाल्या. "पोरास्नी, कंपनीतल्या मानसांस्नी. म्हनायचं, पहिल्या वर्षी मी मरनार होता. एका मुलीनं आवाज ऐकला. पाटी दाखवला. कुनालाच ऐकू आला न्हाई, तिला ऐकू आला."

"असं सांगायचे?" मी विचारलं.

"दर वर्षी. त्या तारखेला."

मुलगा उठून माझ्या पाया पडला. बापासारखाच उंच होता. कल्याणीबाईंनी माझे दोन्ही हात हातांत घेतले.

"तुमी गोल काढला, म्हनून माजा मानूस मला मिळाला," त्या म्हणाल्या.

मी हात सोडवले नाहीत. म्हटलं, "हो. आवाज बारीक झाला होता."